बहिणीला कडू घास नसतो

पाचगणी,
१८ ऑगस्ट २०२५

ति. मंगल वहिनीस,
सा. न.

आज सोमवार. पहाटे उठले. धुके आणि पाऊस आहे, कपडे वाळत नाहीत. मुलींच्या वसतिगृहाची घंटा दिली, मग मेसमध्ये नाश्ता, मग चादरी धुलाईला दिल्या. दोघींना ताप होता, त्यांना डॉक्टरकडे नेऊन आणले. संध्याकाळी प्रार्थना. दादाचे दिवस घालून मी कामावर हजर झाले तेव्हापासून सगळे दिवस असेच गेले.

पाकिटावर तुमच्या नावाआधी काय लिहावे हे मला कळले नाही. 'सौ.' आता लिहिता येत नाही. त्याऐवजी जे लिहितात ते मला लिहायचे नाही. नुसते नाव घातले आहे.

फोन केला असता, पण तुमचा फोन कायम स्पीकरवर असतो आणि आपले बोलणे निम्मी गल्ली ऐकते. पत्र निदान एका वेळी एकच माणूस वाचतो.

विचारायचे ते एवढेच. रक्षाविसर्जनाच्या सकाळी घाटावर दादाच्या नावाने ताट ठेवले, ते कुणी वाढले होते? तुम्ही वाढले असेल तर तीस वर्षे ज्या माणसाबरोबर संसार केला त्याला सकाळी काय लागते हे तुम्हाला कळले नाही, असे मी समजू का? ताटात सुसला होता. भिजवलेले चुरमुरे, हळदीची फोडणी, वर शेंगांचा कूट. शेजारी मिरचीची भजी. लांबून पाहिले तेव्हा मला वाटले, कुणाचे तरी उष्टे चुकून राहिले आहे. चुरमुरे कोरडे खायचे असतात. ते पाण्यात बुडवून, पिळून, परत कढईत घालायचे ज्याला सुचले त्याच्या दुकानात नक्की पुराचे पाणी शिरले असणार. तुमच्या माहेरी, जतकडे, चालत असेल. आमच्या घरात चालत नव्हते.

माझ्या भावाची न्याहारी मला पाठ आहे. रात्रीची ज्वारीची भाकरी, कुटलेला ठेचा, बुक्कीने फोडलेला कांदा, मूठभर भाजलेले शेंगदाणे. पलटणीतून सुट्टीवर आला की पहिल्या सकाळी आईकडे हेच मागायचा. पलटणीत पुरीभाजी मिळायची, ऑम्लेट मिळायचे, मद्रासी पोरांबरोबर इडली मिळायची. तो मला लिहायचा, "इथे पोट भरते, न्याहारी होत नाही."

बाकीच्यांनी काय काय ठेवले तेही पाहिले. बिस्किटाचा पुडा, तंबाखू, कुणीतरी कोल्ड्रिंकची बाटली. लोकांना गेलेल्या माणसाच्या नावाने स्वतःची आवड सांगायची असते. त्यांचे सोडा. पण बायकोनेही तेच करावे?

महिना घालाल तेव्हा ताटात भाकरी ठेवावी.

आपली,
क्रांती


भिलवडी,
२८ ऑगस्ट

क्रांती वन्संस,
मंगलचा नमस्कार.

पत्र पोचलं. एका वेळी एकच मानूस वाचतो म्हनालात, तर आमच्या पोस्टमननं दारातच इचारलं, "काय लिवलंय ताईंनी?" म्या म्हनलं, "शिव्या." त्यो म्हनला, "मग खुशाल हाईत."

औंदा आपल्यात गनपती न्हाई. ऋषिराज बापाचं कार्य उरकून पलटनीत माघारी गेला. सकाळी गल्लीतनं आरत्या ऐकू येत्यात, मी आपलं दार वडून घेती.

ताट म्याच वाढलं. दुसरं कोन वाढनार? सुसल्याला नावं ठिवताय, पर तुमचं दादा रोज सकाळी ताटलीभर खायाचं आन ताटली बोटानं पुसायचं. तुमी वर्सातनं दिवाळीला दोन दिस येनार. तेवढं दोन दिस मी भाकरी करायची, न्हाईतर तुमी नाक मुरडून नुसत्या चहावर बसनार. दोन दिसावरनं अख्खं वरीस मोजताय व्हय?

आन भाकरीचं मला तुमी सांगताय? तुमी शेवटची भाकरी कवा थापली? मागं मी पाचगनीला आलती तवा तुमच्या खोलीत तवा बी न्हवता. सकाळी मेसमदनं पाव आला, त्यावर लालभडक चिकाट. स्ट्रॉबेरीचा जाम म्हनं. मला वाटलं, पडलेल्या पोराच्या गुडघ्याला लावायचं औशिद हाय. तुमच्या पोरी तर गार दुधात कडाकडा वाजनारं कायतरी खात हुत्या. आमी म्हशीला भरड घालताना बी कोमट पानी घालतो. त्या म्हशीला कोन इंग्रजी शिकवत न्हाई, पर तिला गार घातलं तर ती तोंड लावत न्हाई.

भाकरी ठिवायची तर ठिवती. पर तुमी या. तुमच्या हातानं करा आन तुमच्या हातानं ठिवा. म्हंजे माजं काय चुकलं ते तरी समोर बसून दावाल.

तुमची,
मंगल


पाचगणी,
७ सप्टेंबर २०२५

ति. मंगल वहिनीस,
सा. न.

आज रविवार. मुलींना उशिरा उठायची मुभा असते, म्हणून नाश्ता उशिरा झाला. शिरा होता, निम्मा टाकावा लागला. दुपारी कपाटे लावली.

तव्याबद्दल लिहिलेत. मी एकटी आहे, मेसमध्ये जेवण आहे, तवा ठेवून काय करू? माझ्या खोलीत तवा नाही म्हणून मला काही कळत नाही असे होत नाही. मी रोज सकाळी या मेसमध्ये उभी असते. सकाळच्या खाण्याबद्दल मला तुमच्या गल्लीपेक्षा थोडे जास्त माहीत आहे.

इथे एक मुलगी इराणची आहे. ती चपातीत पांढरे चीज आणि अक्रोड गुंडाळते आणि वर कोरा चहा पिते. मिझोरामच्या दोघी बहिणी भल्या सकाळी भात मागतात आणि उकडलेल्या पाल्याबरोबर खातात. पोहे दिले तर भूत पाहिल्यासारख्या पाहतात. सुरतेच्या मुलीची आई खाकऱ्यांचा डबा कुलूप लावून पाठवते. लुधियानाची मुलगी पराठ्यावर इतके लोणी घालते की पराठा शोधावा लागतो. एक दुबईची आहे, ती पावाला चॉकलेट फासते, त्याला नाश्ता म्हणते, आणि मुलगी अशक्त का दिसते म्हणून तिच्या आईचा मला फोन येतो. प्रत्येकीला वाटते, आपल्या घरी खातात ते माणसांचे खाणे आणि दुसरे खातात ती त्यांची लाचारी. आमचा आचारी गुंडा म्हणतो, "मॅडम, एक दिवस ह्यास्नी झुणका-भाकरी घालू द्या की. समद्या एका रांगेत रडतील, भांडणच मिटंल." मी त्याला गप्प केले नाही, कारण तो चुकीचे बोलत नव्हता.

हे सगळे रोज पाहून लिहिते की तुमच्या सुसल्याइतके केविलवाणे मी इथेही काही पाहिलेले नाही. गार दूध मुळातच गार असते. चुरमुऱ्याला तुम्ही मुद्दाम बिघडवता.

महिन्याला मी आले नाही, ते मुद्दाम.

एक गोष्ट लिहायची नव्हती. माझे मिस्टर साताऱ्यात वारले तेव्हा आमच्या भाड्याच्या खोलीत चूल पेटली नव्हती. सासरचे लोक बाहेर उभे राहून गाडी कुठली करायची ते बोलत होते. दादा भिलवडीहून पहिल्या गाडीने, मयताच्या घरी बाहेरून न्यायचा तो कडू घास घेऊन आला. फडक्यात भाकऱ्या आणि किटलीत आमटी. लोकांपुढेच तो माझ्यासमोर बसला. भाकरी मोडली, आमटीत बुडवली आणि माझ्या तोंडाला लावली. मी तोंड फिरवले. तो म्हणाला, "खा. तू खाल्ल्याबिगर मी उठायचा न्हाई." तो खरेच उठला नाही.

दादा गेला तेव्हा तुमच्याकडे तुमच्या माहेरचे कडू घास घेऊन आले, सोयरे आले, भाऊकीने पाळी लावून डबे पोचवले. तुम्ही खात नव्हता तर चार बायका तुमच्याभोवती बसून तुम्हाला भरवत होत्या. ते डबे मी उघडले, मी वाढले, मी घासले. तू खाल्लेस का, असे मला कुणी विचारले नाही. मग मी इथे आले. इथेही कुणी आले नाही. पद्धत मला माहीत आहे. मयत तुमच्या घरचे, घास तिथेच जातो. शाळेने फळांची टोपली पाठवली, तिला सोनेरी रिबन आणि छापील कार्ड. आत किवी होती. बाहेरून केसाळ, आतून आंबट. ती मी मुलींना वाटून टाकली.

तेव्हा त्या घरात माझे म्हणावे असे आता काही नाही, एक आईची काठवट सोडून. आई त्या लाकडी परातीत पीठ मळायची. चुरमुरे भिजवायला तुम्हाला पातेले पुरते. काठवट येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीबरोबर पाठवून द्यावी.

आपली,
क्रांती


भिलवडी,
१७ सप्टेंबर

वन्सं,

नमस्कार ऱ्हाऊ द्यात. काठवट मिळनार न्हाई.

काठवट मागनं म्हंजे काय ते तुमास्नी ठावं हाय. भावाभावात चूल येगळी निघती तवा धाकली जाऊ काठवट मागती. तुमी कुनापासनं येगळं निघालाय? माज्यापासनं? मग सरळ लिवा की, "मंगल, तुजा नवरा मेला, माजं माहेर मेलं." चुरमुऱ्याच्या आडनं दगडं कशाला मारताय?

तुमचं पत्र घेऊन मी मागल्या दारी बसली हुती. शेजारची साबेराभाभी आली. मयतादिशी आपल्या घरात पैला चहा तिच्याच घरनं आलता, सोयरं यायच्या आदी, चहा आन पाव. तिला समदं सांगितलं. तर ती म्हनली, "नणंदेकू कोन खिलाया गे?" म्या म्हनलं, "ती वाढत हुती की." ती म्हनली, "वाढनेवालीकू कोन वाढ्या?"

मग म्या भाऊकीतल्या आप्पासो तात्यास्नी जाऊन इचारलं की बहिनीकडं कडू घास न्यायची रीत हाय का. तात्या बशीतनं चहा पीत हुतं. म्हनलं, "लेक दिली तितं रीत संपली. उद्या म्हनशील मेव्हन्याच्या आत्यालाबी न्या." आन हसलं. मिशी चहात बुडाली तरी हसायचं थांबलं न्हाईत. असल्या मानसाला इचारून रीत पाळायची, हे आमचं नशीब.

आता तुमी उघडं बोलला तर मीबी बोलती. तुमच्या दादाच्या तोंडात कैक वर्सं एकबी दात न्हवता. कवळी हुती. घरात आलं की कवळी पेल्यात. तुमी येनार म्हनलं की घासून-पुसून बसवायची. तुमच्यापुढं भाकरी खायाचं, कांदा खायाचं, शेंगदानं खायाचं, आन तुमची गाडी गेली की हिरड्या धरून बसायचं. दोन दिस नुसती पेज. म्या म्हनायची, "आवं, सांगा की तिला. बहीन हाय, पोलीस न्हवं." तर म्हनायचं, "तिला योकच भाऊ हाय. त्यो म्हातारा झालेला कशाला दावायचा?"

सुसला हिरड्यांनी खाता येतुया. म्हनून रोज सुसला. मला काय हौस हुती व्हय? माज्या माहेरी बी रोज कोन खात न्हाई.

आन ती भजी. भजी त्यास्नी लय आवडायची, पर मिरचीचं साल हिरडीखाली जायाचं म्हनून मी करायचीच सोडली हुती. म्हनून ताटात ठिवली. म्हनलं, आता तिकडं दात असत्याल.

मंगल


पाचगणी,
२९ सप्टेंबर २०२५

ति. मंगल वहिनीस,
सा. न.

आज सोमवार. नवरात्र चालू आहे, म्हणून नाश्त्याला साबुदाण्याची खिचडी होती. उपवास तिघींचा, खिचडी सगळ्यांना हवी. दुपारी प्लंबर आला आणि काम न करता गेला.

कवळीचे वाचले. मला राग आला आहे आणि तो कुणावर हे ठरवता आलेले नाही. दात जाणे हा गुन्हा नाही. माझ्याही दाढा गेल्या आहेत. दोन म्हातारी होत चाललेली माणसे एकमेकांसमोर बसून शेंगदाणे फोडत राहिली आणि तिसरे माणूस आतल्या खोलीत पेज शिजवायला तांदूळ निवडत राहिले. मी 'अजून घे' म्हणत होते, आणि तुम्ही दोघांनी मला म्हणू दिलेत. आमच्या घराण्याला बोलता येत नाही हे मला माहीत होते. दातांबद्दलसुद्धा बोलता येत नाही, हे नवीन आहे. तुम्ही बाहेरच्या होता. तुम्हाला बोलता येते, गल्लीभर ऐकू जाईल इतके येते. नेमके हेच तेवढे तुम्हाला पोटात ठेवता आले.

तिकडे दात असतील, असे लिहिलेत. तसे काही नसते. ते वाक्य मी पुन्हा वाचले, एवढेच.

आप्पासो तात्यांना माझा निरोप सांगा. लेक दिली तिथे रीत संपली म्हणतात. माझ्या लग्नात पहिल्या पंगतीला ते बसले होते आणि तिसऱ्या पंगतीलाही तेच होते. लेक दिली तिथे त्यांचे जेवण सुरू झाले होते.

साबेराभाभींना नमस्कार.

दिवाळीला मी येणार नाही. मला यंदा दिवाळी नाही, तुम्हालाही नाही. दोन नसलेल्या दिवाळ्या एका घरात कशाला मांडायच्या? लांबच्या काही मुली सुट्टीत इथेच राहतात, त्यांची ड्यूटी मी मागून घेतली आहे.

काठवटीबद्दलचे तुमचे उत्तर मला मान्य नाही. येगळी चूल म्हणालात, तर तसेच समजा. मी कुणाच्या घरी दोन दिवसांची पाहुणी म्हणून, कुणीतरी तोंडात कवळी बसवून वाट पाहावी म्हणून, पुन्हा येणार नाही. काठवट पाठवा. विषय संपेल.

क्रांती


भिलवडी,
१५ ऑक्टोबर

वन्सं,

इषय संपवायचा का न्हाई ते मीबी ठरवनार. माजाबी त्यात हिस्सा हाय.

दिवाळीच्या पैल्या अंगुळीदिशी मी पाचगनीला येती. पाटंच्या गाडीनं निघून साताऱ्याला बदलीन. न्याहरीच्या टायमाला पोचनं हुयाचं न्हाई, थोडं इकडं-तिकडं हुईल, तवर तुमी तो जामाचा पाव खाऊ नगा.

वरीस व्हायच्या आत नवरा मेलेल्या बाईनं उंबरा वलांडू न्हाई म्हनत्यात. आन कडू घास भाईरनं मयताच्या घरात येतो, मयताच्या घरातनं भाईर जात न्हाई, असंबी म्हनत्यात. तात्या दारात येऊन म्हनलं, "मंगल, उलटी गंगा चालवलीस." म्या म्हनलं, "तात्या, किस्नामाई पुरात वड्यातनं उलटी चालती आन तुमच्या परसात येती, तवा तिला रीत इचारता व्हय?" गेलं बडबडत. तुमचा निरोपबी दिला. तिसऱ्या पंगतीचं ऐकून त्यांची सून आत जाऊन हसली.

साबेराभाभी म्हनली, "जा गे, बिलकुल जा." तिनंच शेंगा भाजून दिल्यात.

चुरमुऱ्याचाच घास आननार. दुसरं मला त्या घरातनं आनावं वाटत न्हाई. तोंड वाकडं करायचं तर माज्यासमोर करा.

काठवट आननार न्हाई. लय जड हाय, आन तिची जागा हितं हाय.

'येऊ नगा' म्हनून उत्तर लिवायचं मनात आनाल, पर ते हितं पोचायच्या आदी मी गाडीत असंन. म्हनूनच पत्र उशिरा टाकती.

मंगल


पाचगणी,
२३ ऑक्टोबर २०२५

ति. मंगल वहिनीस,
सा. न.

आज गुरुवार. पाऊस उघडला आहे, पहाटे थंडी होती. राहिलेल्या मुलींना आज इडली. गुंडाची इडली टेबलावर आपटली तर टेबलाला खोक पडेल, पण मुली खातात. आज भाऊबीज आहे. त्याबद्दल काही लिहीत नाही.

सोमवारी तुम्ही आलात आणि गेलात. त्या वेळी मी फारसे बोलले नाही, म्हणून लिहिते.

फाटकावरच्या वॉचमनने तुम्हाला भाजीवाली समजून मागच्या दाराने जायला सांगितले. तुम्ही जे बोललात ते मेसपर्यंत ऐकू आले: "मी म्याट्रनची वहिनी हाय. मागलं दार तुज्या घरात ठिव." तो आता मला दोनदा सलाम करतो. गुंडाने आदराने विचारले, "काकू, टोस्ट करू का?" तुम्ही म्हणालात, "पाव एकदा भाजलेलाच असतो की रं. परत कशाला जाळतोस? त्येनं काय केलंय तुजं?" गुंडा तुमचे हे वाक्य सगळ्यांना सांगत फिरतो आहे. दोन दिवस झाले, टोस्ट मागायला कुणी धजत नाही.

आता घासाबद्दल. डबा उघडला तेव्हा सुसला गार झाला होता आणि एका कडेला गोळा झाला होता. साताऱ्याच्या स्टँडवर गाडी बदलताना पिशवी आडवी झाली असणार. हळद जास्त होती. कूट ओला. असा पदार्थ घेऊन एक बाई वर्षाच्या आत उंबरा ओलांडते, दोन गाड्या करते, भाऊकीच्या शिव्या खाते, आणि ज्याच्यासाठी हे करते त्याला तो पदार्थ आवडत नाही हे तिला आधीपासून माहीत असते. याला काय म्हणावे मला कळत नाही.

तुम्ही खोलीत जमिनीवरच बसलात. घास केलात आणि माझ्या तोंडाला लावलात. मी तोंड फिरवले नाही. त्यानंतर जे झाले ते तुम्ही पाहिले, ते लिहायची गरज नाही. दार उघडे होते आणि ती इराणची मुलगी दारात उभी होती हे मला उशिरा कळले. ती मला इंग्रजीत विचारत होती की मी आजारी आहे का. तुम्ही तिला मराठीत सांगितलेत, "आजारी न्हाई बाळा, भाऊ मेलाय तिचा." तिला शब्द कळले नसतील. ती आत आली, तुमच्याशेजारी खाली बसली आणि तिने हात पुढे केला. तुम्ही तिच्या हातावरही घास ठेवलात. तो तोंडात घातल्यावर तिचे तोंड कसे झाले ते तुम्हीही पाहिलेत. तेव्हा सुसल्याबद्दलचे मत माझ्या एकटीचे नाही. पण तिने तो गिळला. काल ती मला सांगत होती की त्यांच्याकडे माणूस गेले की पिठाचा हलवा करून शेजारीपाजारी वाटतात. ज्याच्या घरचा माणूस गेला तोच करून वाटतो. आपले आणि त्यांचे उलटे. मी म्हटले, आमच्याकडेही आता काही घरे उलटी चालायला लागली आहेत.

सुसला मला आवडला नाही, हे स्पष्ट लिहिते. दादाला तो आवडत असेल असेही मला अजून वाटत नाही. दात नसलेला माणूस काहीही खातो. तुम्ही गेल्यावर उरलेला डबा मी रात्री संपवला. ती वेगळी गोष्ट.

गाडी लागली तेव्हा तुम्ही 'येते' म्हणाला नाहीत. पायरीवर चढलात, खिडकीशी बसलात आणि समोर पाहिलेत. मी तुमच्याकडून ते ऐकायला थांबले होते, आणि गाडी निघाल्यावर मला उमगले. मयताच्या घरातून निघताना 'येते' म्हणत नाहीत. तुम्ही माझ्या खोलीतून तशा निघालात. एवढ्या दिवसांत माझे दार मयताचे दार आहे असे दुसऱ्या कुणी धरले नाही. ना शाळेने, ना सोयऱ्यांनी, ना तात्यांनी. बोलका माणूस न बोलता एवढे करू शकतो, हे मला पाहायला मिळाले.

काठवट तिथेच असू द्या. तिला आतून तेलाचा हात फिरवत जा, थंडीत लाकूड चिरते. डिसेंबरात मुली सुट्टीला गेल्या की मी येईन. दोन दिवसांसाठी नाही. सकाळी काय करायचे त्यावरून आपले भांडण होईल, ते तिथे समोरासमोर करू. माझ्यासाठी वेगळी भाकरी करत बसू नये. आणि तुमच्या तोंडात दात किती आहेत ते मला आधीच सांगून ठेवावे.

डबा इथे राहिला आहे. झाकणाला हळद बसली आहे, साबणाने जात नाही. उन्हात ठेवली की जाते. आज ऊन आहे. मुली नाश्त्याला गेल्या आहेत, वर कुणी नाही. झाकण खिडकीत ठेवते आणि परत धुऊन पाहते.

आपली,
क्रांती